गिरगावच्या वाड्यांची वही : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज सुरुवात केली. माझं बालपण फणसवाडीतल्या चाळीत गेलं. चोवीस वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीला आलो. मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं तोवर बोरिवली, विरार, ठाण्याकडे पांगली होती. या दिवाळीत भाच्याने विचारलं, "आत्या, केळेवाडीत खरंच केळी होती का गं?" मला उत्तर देता आलं नाही. जिला विचारलं असतं ती आई आता नाही.

म्हणून ही वही. गिरगावातल्या वाड्या, चाळी, देवळं, शाळा, छापखाने, नाट्यगृहं, आणि इथे राहून गेलेली माणसं. आम्ही तिघं आहोत. मी, भाचा (नकाशा आणि स्कॅनिंग त्याच्याकडे), आणि आमच्या जुन्या मजल्यावरचे काका. काकांनी सव्वीस वर्षं याच भागात टपाल वाटलं. कुठल्या वाडीतून कुठल्या वाडीत मागच्या मागे निघता येतं हे त्यांच्या पायांना ठाऊक आहे.

हद्द ठरवली : चौपाटी ते ठाकूरद्वार, ऑपेरा हाऊस ते काळबादेवीचा कोपरा. दर रविवारी काम. दोनशे पानी तीन वह्या, पेन्सिली, पाकिटं मिळून ₹ ३४०.

२ फेब्रुवारी

तीन आठवडे वाया गेले. असं काम कुणी काढणार असेल तर हे आधी वाचा.

आम्ही नामवंतांच्या यादीपासून सुरुवात केली. नेटवरून उतरवत उतरवत एकशे चाळीस नावं झाली, आणि भाच्याने ती रंगीत तक्त्यात घातली. काल काकांपुढे ठेवली. त्यांनी दहा मिनिटं वाचून एवढंच विचारलं, "यातलं गिरगावातलं कोण, आणि मुंबईतलं कोण?" आम्हाला सांगता येईना. सगळीकडे तेच तेच वाक्य एकमेकांवरून उतरवलेलं होतं, आणि आम्ही ते आणखी एकदा उतरवलं होतं.

चर्नी रोडचंच घ्या. नेटवर सगळीकडे एकच गोष्ट आहे : १८३८ साली सरकारने गुरांना चरायला पट्टी लावली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी वीस हजार रुपयांना ठाकूरद्वारजवळची जमीन घेऊन गुरांना मोकळी केली, म्हणून चरणी, म्हणून चर्नी. गोष्ट चांगली आहे, लहानपणी मीही ऐकलेली. पण मुंबईच्या रस्त्यांच्या नावांवर १९१७ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात वेगळंच दिलंय : ठाण्याजवळच्या चेंदणीहून लोक येऊन इथे वसले, चेंदणीचं चर्नी झालं. आम्ही पहिली गोष्ट "इतिहास" म्हणून लिहून मोकळे झालो होतो.

आज यादी बाजूला ठेवली आणि वहीत नवा रकाना आखला : "कशावरून". प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर. पा म्हणजे स्वतः पाहिलं. का म्हणजे कागदावर आहे. छा म्हणजे छापील पुस्तकात आहे. ऐ म्हणजे ऐकलं, आणि ऐ असेल तर कुणाकडून आणि कधी तेही. चर्नी रोडपुढे आता दोन ओळी आहेत, दोन्ही छा. कुठलीही खोडलेली नाही.

एकशे चाळीस नावांपैकी अक्षर लावता आलं ते अडतीस नावांना.

१६ फेब्रुवारी

आज शिलालेख. चाळींच्या दारावरच्या, देवळांच्या पायऱ्यांवरच्या, विहिरींच्या कठड्यावरच्या संगमरवरी पाट्या. सोपं काम असं वाटलं होतं.

पहिली अडचण वाचण्याची. दर गणपतीला चाळीला रंग निघतो आणि रंगारी पाटीवरूनही कुंचला फिरवतो. एका चाळीच्या जिन्याखाली पाटी आहे. तिच्यावर ऑइलपेंटचे किती थर असतील देव जाणे. अक्षरं नुसती उशी दाबल्यासारखी दिसत होती. दुपारच्या उजेडात काढलेले सगळे फोटो फुकट गेले, पांढऱ्यावर पांढरं. काका म्हणाले, संध्याकाळी येऊ. सातला जिन्यातला दिवा बंद करायला लावला आणि भाच्याने टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून बाजूने धरला. उजेड आडवा पडल्याबरोबर प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली उभी राहिली आणि ओळ वाचता आली : "फाल्गुन शु. ५ शके १८२५". समोरच्या खोलीतल्या वहिनी पोळ्या टाकून बाहेर आल्या. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षं त्या या जिन्याने चढताहेत, इथे काही लिहिलंय हे त्यांना आज कळलं. पाटी खरवडायचा मोह होतो. खरवडू नका. खालचा दगड मऊ असतो, रंगाबरोबर अक्षराची कड जाते.

दुसरी अडचण आम्ही स्वतः केली. भाच्याने वहीत "१८२५ सालची चाळ" लिहिलं. शक आहे तो, त्यात ७८ मिळवायचे. म्हणजे १९०३. मीही तसंच दुरुस्त केलं आणि पुन्हा चुकले. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे. १९०४ चा फेब्रुवारी-मार्च.

गिरगावात हे एवढ्यावर थांबत नाही. गुजराती मालकाची चाळ असली की पाटीवर संवत. तो दिवाळीला बदलतो. दिवाळीच्या पाडव्याआधीच्या महिन्यांसाठी ५६ वजा, नंतरच्यांसाठी ५७. पारशी पाटीवर यज्दगर्दी सन असेल तर ६३० मिळवायचे, कधी ६३१. आता नियम केलाय : पाटीवर आहे तसं अक्षरन् अक्षर उतरवायचं, महिन्या-तिथीसकट, आणि इंग्रजी साल शेजारच्या रकान्यात वेगळं लिहायचं. म्हणजे हिशेब चुकला तरी मूळ हातात राहतं.

२ मार्च

आज एका आजींचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. वय नव्वदीच्या आतबाहेर, स्मरण लख्ख. जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरगावात गोळीबार झाला, तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. पाऊण तास त्याच दिवसांबद्दल बोलल्या. मी एक शब्दही लिहिला नाही, फक्त ऐकत राहिले, कारण मोबाइल चालू होता.

घरी येऊन ऐकलं तर वरच्या पंख्याची घरघर, शेजारचा कुकर, गॅलरीत पोरांचं क्रिकेट, आणि मधूनमधून लांबून येणारा आजींचा आवाज. मोबाइल मी टीपॉयवर ठेवला होता, पंख्याच्या बरोबर खाली. चाळीस टक्केही कळत नाही.

८ मार्च

शनिवारी मुद्दाम पुन्हा गेले. आजींनी चहा दिला, माझ्या मुलाची चौकशी केली, पण तो विषय काढल्यावर म्हणाल्या, "एकदा सांगितलं ना बाई. आता नको." डोळे भरून आले होते. मी आग्रह केला नाही.

आठवलं तेवढं ट्रेनमध्ये बसून लिहून काढलं. पुढे "ऐ" आणि कंसात "आठवणीतून, सहा दिवसांनी".

काय बदललं ते लिहिते. कॉलरला लावायचे दोन माइक घेतले, ₹ १,८००. बोलण्याआधी पंखा बंद करायची विनंती करायची; उन्हाळ्यात वीस मिनिटांवर थांबायचं. वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी पाण्याची गडबड असते, संध्याकाळी मालिका. पहिलं मिनिट मुद्रित करून तिथेच ऐकून बघायचं. आणि मुद्रण चालू असलं तरी हाताने लिहायचं.

१८ मार्च, मंगळवार

रजा काढून जमिनीचे कागद बघायला गेले. मी सगळीकडे "सी.टी.एस. नंबर", म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, मागत होते, कारण डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीच्या कागदांत तो शब्द पाहिला होता. मुंबई बेटाच्या जुन्या शहरात सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर चालतो, आणि त्याच्यासोबत डिव्हिजन, म्हणजे महसुली विभाग, लागतं. हे न कळल्याने अर्धा दिवस गेला. शिवाय मी सगळं गिरगाव पालिकेच्या डी वॉर्डात धरलं होतं. ठाकूरद्वारच्या बाजूच्या वाड्या सी वॉर्डात जातात. वहीत आता प्रत्येक वाडीपुढे वॉर्ड, डिव्हिजन आणि सी.एस. नंबर असे तीन रकाने आहेत.

म्हाडाच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या वर्गवारीचा मात्र फार उपयोग झाला. अ वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली, ब म्हणजे तिथून १९५० अखेरपर्यंत, क म्हणजे १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत. बांधणीचं नेमकं साल कळत नाही, पण "शंभर वर्षं जुनी आहे हो" म्हणून सांगितलेल्या दोन इमारती ब वर्गातल्या निघाल्या.

आणखी एक साधन काकांनी सुचवलं : भाडेपावत्या. पागडीच्या (मालकाला एकदा रक्कम देऊन भाड्याने घेतलेल्या) घरांत लोक पावत्या जपून ठेवतात, डब्यात, गादीखाली, देवाच्या फोटोमागे. त्यांच्यावर मालकाचं नाव, चाळीचं जुनं नाव, खोली नंबर, कधी रस्त्याचं जुनं नाव. एका घरी १९४८ पासूनचा गठ्ठा मिळाला. रक्कम रुपये-आण्यांत, आणि १९५७ मध्ये नये पैसे आल्यावर मेहताचं अक्षर तेच पण आकडे बदललेले. या एका गठ्ठ्यावरून चाळीचे तीन मालक आणि दोन नावं लागली. नामवंतांच्या यादीत तीन आठवडे घालवून एवढं मिळालं नव्हतं.

३० मार्च, गुढीपाडवा

आज काम करायचंच नाही असं ठरवून शोभायात्रेला आलो. सकाळपासून रस्त्यावर लेझीम, ढोल, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली. गर्दीत पाच मिनिटांत मला तीन जुने शेजारी भेटले : एक नालासोपाऱ्याहून, एक पनवेलहून, एक पुण्याहून पहाटेच्या गाडीने. तेव्हा लक्षात आलं की ज्यांना आम्ही शोधत होतो ती माणसं आज स्वतःहून आली आहेत.

भाच्याला पिटाळून झेरॉक्सवाल्याकडून चिठ्ठ्या काढून आणल्या : नाव, कुठल्या वाडीत होता, कधी सोडलं, जुने फोटो आहेत का, फोन. दुपारी एकपर्यंत सत्तेचाळीस चिठ्ठ्या भरून आल्या. जिथून लोक गेलेत त्या ठिकाणाची नोंद करायची तर लोक कुठल्या दिवशी परत येतात ते आधी बघा. आमच्याकडे पाडवा आणि गणपती. बाकीच्या रविवारी आम्ही बंद दारं वाजवत होतो.

२० आणि २७ एप्रिल

खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदारावरून नाव पडलं. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची एकमजली घरं, पुढे पडवी, लाकडी सज्जा, बाहेरून वर जाणारा जिना, वर कौलं. इथली मूळची कुटुंबं घरात जी मराठी बोलतात ती आमच्या कानाला आगरी-कोळ्यांच्या बोलीच्या जवळची वाटते.

इथे आम्ही एक चूक केली. विचारल्याशिवाय घरांचे फोटो काढले. एक काका बाहेर आले, शांतपणे म्हणाले, "आमी हतं ऱ्हातो, यो सेट नाय." फोटो तिथेच पुसले. पुढच्या रविवारी आधी फोन करून गेलो, पडवीत बसलो, आणि त्यांनीच आजोबांच्या वेळचे फोटो बाहेर काढले.

मे महिना

दोन वाड्यांत आम्हाला दार उघडत नव्हते. कारण उशिरा कळलं : मोजपट्टी, नकाशा आणि सी.एस. नंबर विचारणारी माणसं म्हणजे बिल्डरची माणसं. लोकांचं काही चुकत नाही. पुनर्विकासाच्या नावाखाली इथे अनेकांनी सह्या घेतल्या आहेत. मोजपट्टी पिशवीत गेली. खोलीचं माप, भाडं, मालकाशी वाद यातलं काहीही विचारायचं नाही, आणि कुणी सांगितलंच तर लिहायचं नाही. काका सोबत असल्याशिवाय नव्या वाडीत जायचं नाही. त्यांना बघून म्हाताऱ्या बायका "पोस्टमन आले" म्हणतात आणि दार उघडतात.

रेल्वेच्या मेगाब्लॉकमुळे चार रविवार गेले. जूनपासून शनिवार दुपार ठरवली.

२६ मे, सोमवार आणि पुढचे दिवस

पाऊस नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी आला. आणि आमच्या हातून नुकसान झालं.

लोकांनी विश्वासाने दिलेले बासष्ट फोटो काकांच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात होते. छतावर प्लास्टिक टाकायचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात होणार होतं. भिंत गळली. एका पाकिटातले पाच फोटो भिजून एकमेकांना चिकटले. लग्नाचे, १९५०-६० मधले, कृष्णधवल.

काकांचा फोन आला तेव्हा ते फोटो सोडवायला बसणारच होते. मी ओरडलेच, हात लावू नका. फोटोस्टुडिओत उमेदीची वर्षं गेलेल्या एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी सांगितलं तसं केलं : पसरट थाळ्यात गार स्वच्छ पाणी, त्यात गठ्ठा तसाच बुडवून ठेवायचा, ओढायचं नाही, कागद आपणहून सुटू लागला की अलगद वेगळा करायचा, चित्राची बाजू वर ठेवून सुती फडक्यावर वाळवायचा. चार फोटो वाचले. पाचव्यात नवरीच्या चेहऱ्याची डावी बाजू मागच्या फोटोच्या पाठीला लागून गेली.

२९ मेला ते घेऊन बोरिवलीला गेले. फोटो ज्यांचा त्या आजी नाहीत, मुलगी आहे. तिने बराच वेळ फोटो हातात धरला. मग म्हणाली, "स्कॅन केला असतात तर?" केला नव्हता. पाडव्यापासून तो पाकिटातच होता, आणि मी "सगळे जमले की एकदम करू" म्हणत होते. याची जबाबदारी माझी.

त्या दिवसापासून आम्ही कुणाचा फोटो घरी आणत नाही. जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, ₹ ३,५००, आणि भाचा तो पाठपिशवीतून नेतो. मालकाच्या घरी, त्यांच्या समोर, ६०० डीपीआयला स्कॅन, तिथल्या तिथे फोटो परत. काचेला चिकटलेली तसबीर असेल तर काचेसकट स्कॅन. नंबर पाकिटावर, तोही पेन्सिलने. दोन हार्डडिस्क, एक माझ्याकडे, एक भाच्याकडे, दोन्ही मिळून ₹ ९,४००. हा खर्च जानेवारीत करायला हवा होता.

२१ जून

फोटोंची ओळख पटवण्याचं काम. आतापर्यंत दोनशे अकरा स्कॅन.

एका कुटुंबाने मोठ्या अभिमानाने दाखवलेला फोटो : मॅजेस्टिक सिनेमासमोर गर्दी, मागे हाताने लिहिलेलं "आलम आरा, १९३१". पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकलाच लागला हे खरं, आणि गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले हेही खरं. पण भाच्याने फोटो मोठा केला तर डाव्या कोपऱ्यात, पानवाल्याच्या बाकड्याला टेकून, एक स्कूटर उभी. १९३१ साली ती तिथे असणं शक्य नाही. कुटुंबाला सांगताना जीभ जड झाली. त्यांनी समजून घेतलं, फोटो तरीही ठेवायला सांगितला. वहीत लिहिलंय : "मॅजेस्टिकसमोरची गर्दी, स्वातंत्र्यानंतरची. घरची आठवण : आलम आरा." दोन्ही राहिलं. आज त्या जागी शॉपिंग सेंटर आहे, आणि सिनेमा पाडल्यानंतर जन्मलेले लोकही "मॅजेस्टिकपाशी भेट" म्हणतात.

साल लावायच्या खुणा : चालती ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, कारण त्या दिवशी मुंबईतली शेवटची ट्राम धावली. दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर किती आकडी. रस्त्याचं नाव : सँडहर्स्ट रोड की सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, क्वीन्स रोड की महर्षी कर्वे मार्ग. "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ रोजी ज्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला ते सँडहर्स्ट रोडवर होतं. हे नाव बदललेलं माहीत नसल्याने भाचा आजच्या डोंगरीच्या सँडहर्स्ट रोड स्टेशनाभोवती शोधत बसला होता.

जुलै, चार शनिवार

पावसात वाड्या फिरणं बंद. वाचनालयात बसले : दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टात एशियाटिक.

या चार दिवसांत सगळ्यात जास्त मिळालं ते डॉ. रखमाबाईंच्या घराबद्दल शोधताना. रखमाबाई गिरगावात वाढल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने खटला भरला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, मग त्या लंडनला शिकायला गेल्या आणि डॉक्टर होऊन १८९५ पासून सुरतेला काम केलं. ही बाई ज्या रस्त्यांवरून शाळा बुडवून घरात बसवली गेली, त्याच रस्त्यांवरून मी रोज शाळेत गेले, आणि शाळेतल्या दहा वर्षांत एकदाही कुणी मला हे नाव सांगितलं नाही. यादीत त्यांचं नाव जानेवारीत होतं, एकशे चाळिसांपैकी शंभराव्याच्या पुढे कुठेतरी. वहीत आता त्यांना सहा पानं आहेत.

सखाराम अर्जुनांच्या नावाचा माग काढताना दुसरं सापडलं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत भारतीय दोन, आणि दोघेही डॉक्टर : सखाराम अर्जुन आणि आत्माराम पांडुरंग. हेच आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढणाऱ्यांतले. आणि १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचा रवींद्रनाथ ठाकूर मुंबईत राहिला तो यांच्याच कुटुंबात. त्यांची मुलगी अन्नपूर्णा त्याला इंग्रजी शिकवत असे. "प्रार्थना समाज" हा आमच्यासाठी आजवर बसचा स्टॉप होता.

इथे भाच्याशी वाद झाला. त्याला नकाशावर टाचण्या टोचायच्या होत्या, रखमाबाईंचं घर इथे, आत्माराम पांडुरंगांचं इथे. मी अडवलं. घर क्रमांक कागदावर मिळाल्याशिवाय टाचणी नाही. तोवर त्या भागाला फिकट रंग. टाचणी एकदा टोचली की पुढचा माणूस तिचा फोटो काढून नेतो, आणि जानेवारीतली आमची यादी पुन्हा तयार होते.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, गणेशोत्सव

मंडळाने मांडवाच्या कडेची भिंत दिली. बत्तीस तक्ते, ए-थ्री, लॅमिनेशन न करता. छपाई ₹ ४,८००. लॅमिनेशन मुद्दाम टाळलं : प्रत्येक तक्त्याशेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि वर लिहिलं, "चुकलं असेल तर इथेच दुरुस्त करा, नाव-वाडी लिहा."

पहिला तक्ता केशवजी नाईक चाळीचा ठेवला. १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती, १९०१ मध्ये टिळकांची भेट. दुसरा नाना शंकरशेठ यांचा. रेल्वेसाठी त्यांनी केलेली खटपट आणि १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सगळ्यांना माहीत असते, म्हणून तक्त्यावर मोठं छापलं ते मुलींच्या शाळेला त्यांनी स्वतःच्या वाड्यात दिलेली जागा.

दहा दिवसांत एकशे सव्वीस दुरुस्त्या. काही नुसत्या "मी इथे राहायचो" अशा. पण एकेचाळीस कामाच्या निघाल्या. एका विहिरीची जागा आम्ही वाडीच्या चुकीच्या टोकाला दाखवली होती. एका छापखान्याचं नाव चुकलं होतं. एका शिक्षकांच्या फोटोखाली आम्ही दुसऱ्याच शिक्षकांचं नाव घातलं होतं. त्यांच्या तीन विद्यार्थिनींनी वेगवेगळ्या दिवशी येऊन तीच दुरुस्ती केली.

पाचव्या दिवशी त्या आजी आल्या, नातवाचा हात धरून. १९५६ च्या तक्त्यावर मी आठवणीतून लिहिलेला मजकूर होता : "गोळीबार सुरू झाल्यावर दाराला कडी घालून सगळे आतल्या खोलीत बसलो." आजींनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं. मग पेन्सिल घेतली आणि कडी हा शब्द खोडला. मला म्हणाल्या, "कडी कुठे होती गं? कडी मोडलेली. सासऱ्यांनी पलंग लावला दाराला, आणि पलंगावर आम्ही दोघी जावा बसलो, वजन पडावं म्हणून." उभ्या उभ्या आणखी दहा मिनिटं बोलल्या. माइक पिशवीत होता, काढला नाही. हाताने लिहिलं.

११ ऑक्टोबर

परवापासून मेट्रो तीनचं गिरगाव स्टेशन सुरू झालं. आज पहिल्यांदा डोंबिवली-दादर फास्ट आणि दादरहून मेट्रोने आले. मेट्रोच्या कामासाठी ज्यांची घरं गेली त्या चाळींची वेगळी वही भाच्याने सुरू केली आहे. तिथल्या सत्तावीस घरांचे पत्ते पाडव्याच्या चिठ्ठ्यांमुळे मिळाले.

१६ नोव्हेंबर

आजवरचा हिशेब. माइक १,८००, स्कॅनर ३,५००, हार्डडिस्क ९,४००, प्रदर्शन ४,८००, झेरॉक्स आणि प्रिंट २,६५०, वह्या, पाकिटं, टॉर्च वगैरे ९००. एकूण ₹ २३,०५०, प्रवास धरला नाही. मुद्रित केलेली माणसं एकोणीस, ऐकण्याजोगे तास चौदा. स्कॅन चारशे आठ. पाट्या त्र्याहत्तर, त्यांतल्या अकरा अजून वाचता आलेल्या नाहीत.

प्रत्येक स्कॅनची प्रत मूळ मालकाला पेनड्राइव्हवर किंवा छापून दिली आहे, सहा घरं राहिलीत. वहीची एक छापील प्रत मंडळाच्या कपाटात आहे, पेन्सिल बांधून.

केळेवाडीचं भाच्याचं उत्तर : दोन काकांनी आणि एका मावशींनी तीन वेगवेगळी कारणं सांगितली, तिन्हींपुढे ऐ. तिथल्या साहित्य संघाच्या डॉ. भालेराव नाट्यगृहापुढे मात्र छा आहे.

पुढच्या शनिवारी दुपारी दोनला जितेकर वाडी, तळमजल्यावरच्या आजोबांकडे. त्यांच्याकडे १९३८ पासूनच्या भाडेपावत्या आहेत म्हणे. स्कॅनर, दोन माइक, टॉर्च, आणि त्यांना आवडतात म्हणून खारे दाणे न्यायचे आहेत.